रजेचे कारण : समुद्र

रजेच्या अर्जावर माणसं खरं लिहीत नाहीत, एवढं एकच पक्कं ज्ञान मला टाइम ऑफिसच्या नोकरीनं दिलं. आमचा कारखाना चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत होता. फायबरचे कूलर, टाक्यांची झाकणं, बसच्या खुर्च्या असला माल तिथं निघायचा. या गावात उन्हाळा आहे तोवर आपल्याला मरण नाही, असं मालक दर वर्षी पूजेच्या दिवशी सांगायचे. कामगार शंभराच्या आत-बाहेर. त्यांच्या चुलत्या, आत्या आणि मावससासरे माझ्या टेबलावर नियमानं वारायचे. एका कामगाराची एकच आत्या तीन दिवाळ्यांना गेली. मी तिन्ही वेळा अर्ज पुढं पाठवला.

या सगळ्यात अंबादास पठाडेचा अर्ज वेगळा असायचा. गिरवल्यासारखं गोल अक्षर आणि दोन ओळी : "मला समुद्रावर जायचे आहे. सहा दिवस रजा मिळावी." कारणाच्या रकान्यात एकच शब्द, "समुद्र".

पहिल्या वेळी मी त्याला बोलावून घेतलं आणि समजावलं, की असं लिहीत नसतात, "घरगुती कारण" लिहा, मॅनेजर लगेच सही करतील. तो विचारात पडला. मग म्हणाला, "ताई, घरी कुठंय समुद्र?"

मी अर्ज तसाच पाठवला. मॅनेजरांनी त्यावर लाल शाईत प्रश्नचिन्ह काढलं, पण रजा दिली. प्रश्नचिन्हाचं उत्तर विचारायला त्यांनी अंबादासला बोलावलं असतं, तर त्यानं ते सांगितलं असतं आणि त्यात त्यांचा अर्धा दिवस गेला असता, हे त्यांनाही माहीत असावं.

अंबादास करमाडचा. घरी शेती, ती धाकटा भाऊ बघायचा. हा जालना रोडवरून काळ्या-पिवळ्या जीपनं कामावर यायचा. बुटका, भरीव अंगाचा, मिशी राखलेला, पायाचे पंजे रुंद. फायबर खात्यात तो साच्यावर काचेच्या धाग्याची मॅट अंथरायचा, वरून रेझिनचा चिकट रस ओतायचा आणि रोलर फिरवायचा. त्या कामात अंगाला कायम खाज सुटते. बाकीचे खाजवत आणि शिव्या देत काम करायचे, हा सकाळी कोपरापर्यंत खोबरेल चोळून गप उभा राहायचा. चाळिशीकडं झुकेपर्यंत त्यानं समुद्र पाहिलेला नव्हता, आणि त्यावाचून त्याचं काही अडलेलंही नव्हतं.

अडलं ते कारखान्यामुळंच. मालवणकडच्या एका हॉटेलला आम्ही पायडल मारायच्या होड्या पुरवल्या होत्या, हंसाच्या आकाराच्या. एका वर्षात सगळ्या हंसांच्या माना तडकल्या. माना सांधायला सुपरवायझरबरोबर अंबादासला पाठवलं. चार दिवसांचं काम होतं. परत आल्यावर मी सहज विचारलं, समुद्र कसा वाटला. त्यानं प्रामाणिकपणे आठवून पाहिलं आणि म्हणाला, "लई पसारा हाय. आन् कुणी लक्ष देत नाय."

पुढची हकीकत मला तुकड्यातुकड्यांनी कळली. तिथं किनाऱ्यावर दानियल नावाचा एक ऑस्ट्रेलियन गोरा होता. लाटेवर उभं राहून किनाऱ्याकडं घसरत यायची फळी त्याच्याकडं होती आणि तिचं नाक, म्हणजे पुढचं टोक, फुटलं होतं. फळी फायबरचीच, हे अंबादासनं लांबून ओळखलं. हंसांसाठी आणलेल्या मॅटमधला तुकडा कापून त्यानं दीड तासात ते नाक असं जोडलं, की सांधा बोटाला लागेना. गोऱ्यानं खुशीनं विचारलं, तुला काय हवं? अंबादासनं फळीकडं बोट दाखवलं. गोरा हसला आणि कमरेएवढ्या पाण्यात त्याला घेऊन गेला. दोनदा अंबादास पडला. तिसऱ्यांदा उभा राहिला आणि थेट वाळूपर्यंत आला.

यात नवल काहीच नव्हतं, असं त्याचं म्हणणं. नांगरटीनंतर ढेकळं फोडायला बैलांमागं जाड फळी ओढतात. तिच्यावर वजनासाठी माणूस उभा राहतो. पाय फाकवून, गुडघे सैल सोडून, आडवं. अंबादास हे सातव्या वर्षापासून करत आला होता. विहिरीत पोहायला तर त्याहून आधी शिकला होता. "लाट म्हंजे काय ताई, पळतं ढेकूळच," तो मला म्हणाला. "फरक इतकाच, की हितं बैल दिसत नाय."

गोऱ्यानं त्याला विचारलं होतं, शिकलास कुठं? त्यानं सांगितलं, करमाड. दानियलनं म्हणे त्या रात्री हिंदुस्थानचा नकाशा पसरून पूर्व आणि पश्चिम दोन्ही किनारे बोटानं तपासले.

त्यानंतर सहा वर्षं अंबादासनं आपली प्रत्येक रजा समुद्राला दिली. गोवा, गोकर्ण, कोवलम, महाबलिपुरम, एकदा तर पुरीपर्यंत. स्वतःची फळी नव्हती. एका पत्र्याच्या डब्यात मॅटचे तुकडे, रेझिनची बाटली आणि पॉलिश पेपर घेऊन जायचा. किनाऱ्यावर कुणा ना कुणाची फळी फुटलेली असायचीच. ती नीट करायची आणि त्या बदल्यात तासभर मागून घ्यायची. राहायला कुणाच्याही पडवीत. एकदा नगरच्या स्टँडवर कंडक्टरनं वास येतो म्हणून डबा उघडायला लावला. रंग आहे म्हणाला असता तर सुटला असता. यानं रेझिनची सगळी माहिती दिली, ते पेट कसं घेतं यासह. कंडक्टरनं त्याला डब्यासकट खाली उतरवलं.

या फिरतीनं त्याच्यात थोडे बदल झाले. लाटांवरून माणसांचे त्यानं दोन प्रकार पाडले, दमाचा आणि फेसाचा. लांबून दोन्ही लाटा सारख्याच दिसतात, पायाखाली आल्यावर कळतं, असं तो सांगायचा. आमचे मॅनेजर फेसाचे होते. कॅन्टीनचा आचारी दमाचा. माझ्याबद्दल त्यानं कधी मत दिलं नाही आणि मीही विचारलं नाही. शनिवारी तो आमच्याबरोबर कंपनीच्या बसनं शहरात यायचा, तेव्हा बसायला जागा असली तरी मधल्या वाटेत दांडी न धरता आडवा उभा राहायचा. क्रांती चौकाच्या वळणावर सगळी बस कलंडायची, हा गुडघ्यातून जरासा खाली जायचा आणि परत वर यायचा. बायका पदर सावरून त्याच्याकडं बघत राहायच्या. त्याला त्याचं काही नसायचं.

त्याला खंत होती ती एकच. सगळ्या फळ्या सहा फुटी गोऱ्यांच्या मापाच्या. "त्यांच्या फळीवर मी म्हंजे बैलगाडीत शेळी उभी केल्यावानी," असं तो म्हणायचा.

करमाडला त्याच्याबद्दल काय बोललं जातं याची मला कल्पना होती. पण ते बोलणं किती दूर पोचलंय हे त्याच्या मुलीच्या बघण्याच्या दिवशी कळलं. अनिता त्याची एकुलती मुलगी, बारावी झालेली, हुशार. बदनापूरकडचं स्थळ होतं. मुलगा शाळेत शिक्षक. कारखान्यातलं कुणी असलं की बरं दिसतं, म्हणून अंबादासनं मला बोलावलं होतं. मी एक चांगली साडी नेसून पाहुण्यांच्या समोर बसले आणि कारखान्याची प्रतिष्ठा सांभाळू लागले.

पोहे झाले. मुलाच्या मामांनी, बहुधा ठरवूनच, विचारलं, की नोकरीशिवाय तुम्ही काय करता. अंबादासची बायको सुमन दाराआडून खोकली. तो खोकला मला कळला. अंबादासला कळला नाही.

"सुटीत समुद्रावर उभा ऱ्हातो," तो म्हणाला.

मामा म्हणाले, समुद्रावर म्हणजे काठावर का? अंबादासनं सांगितलं, नाय, पाण्यावर. आणि त्यांचा चेहरा बघून त्याला वाटलं की आपण नीट समजावलं नाही. म्हणून तो पोह्यांची ताटली हातात घेऊनच उठला आणि सतरंजीवर पाय फाकवून, गुडघे वाकवून, एक हात पुढं करून उभा राहिला. मामांनी संथपणे पुढचे प्रश्न विचारले. सोबत कोण असतं? गोरे लोक. बाया पण? व्हय, बाया लई चांगल्या उभ्या ऱ्हातात. आणि अंगावर काय असतं? "चड्डी," अंबादास म्हणाला.

चार दिवसांनी निरोप आला, की पत्रिका जुळत नाही. पत्रिका कुणी दिलीच नव्हती.

पण निरोप यायच्या आधीच, पाहुण्यांची गाडी रस्त्याला लागत असतानाच, सुमननं निकाल देऊन टाकला होता. ती ताटल्या गोळा करत होती. उंच, काटक बाई. बोलताना कुणाकडं बघायची तिला सवय नव्हती. ताटल्यांकडं बघतच ती म्हणाली, "पोरीचं लगीन हुईस्तोवर समुद्र बंद."

आतल्या खोलीत अनिता लुगड्याची घडी घालत होती, तिच्याकडं अंबादासनं एकदा पाहिलं. मग मान डोलावली. मला वाटलं, हा आता म्हणेल की मी खरं बोललो, माझं काय चुकलं. तो तसं म्हणाला नाही. माझ्या मते त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्या लक्षात आलं, की खरं बोलायची किंमत दर वेळी बोलणाऱ्यालाच पडते असं नाही.

पुढची दोन वर्षं त्याचा एकही अर्ज आला नाही. मॅनेजरांनी ही सुधारणा हेरली आणि वार्षिक पूजेत त्याला पूर्ण हजेरीचं प्रशस्तिपत्र दिलं. ते मीच टाइप केलं होतं. त्यानं ते दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि सुपरवायझरच्या टेबलावर विसरून गेला.

पण सुमननं समुद्र बंद केला होता. फळीबद्दल ती काही बोललेली नव्हती. अंबादास शब्दाचा पक्का असल्यामुळं त्याला शब्दातली फटही बरोबर दिसायची. लगीन होईपर्यंत आपल्या मापाची फळी आपणच करायची, असं त्यानं ठरवलं. समुद्रापासून इतक्या दूर, ज्या शहरात नळाला पाणी आलं की शेजारणी एकमेकींना हाका मारून सांगतात, तिथं पाण्यावर पळायची फळी करायला तो बसला.

पहिली फळी थर्माकोलची. गोऱ्यांच्या फळ्यांच्या पोटात पांढरं, हलकं काहीतरी असतं हे त्यानं पाहिलं होतं. जेवणाच्या सुटीत, कारखान्यामागच्या शेडमध्ये, त्यानं थर्माकोलचा लांब ठोकळा करवतीनं कापून छान आकाराला आणला. आम्ही दहा-बारा जण बघायला जमलो. त्यानं मॅट अंथरली, रेझिन ओतलं. आणि आमच्या डोळ्यांदेखत ती फळी आतल्या आत बसत गेली. आधी मधे खड्डा पडला, मग कडा आत ओढल्या गेल्या. जेवणाची सुटी संपायच्या आत तिथं एक चिकट, सुरकुतलेली खोळ उरली. रेझिन थर्माकोल खातं, हे आमच्या अख्ख्या फायबर कारखान्यात कुणालाही माहीत नव्हतं. आम्ही आजवर कधी थर्माकोलला हात लावला नव्हता. लोक हसले. अंबादास उकिडवा बसून शेवटपर्यंत बघत होता. मग म्हणाला, आतल्याला आधी इचारायला पाहिजे व्हतं.

त्यानंतर तो शहागंजात रशीद उस्तादांकडं गेला. घड्याळाच्या मनोऱ्यामागच्या गल्लीत त्यांचं दुकान. सत्तरीचे, दाढी मेंदीची, डोळ्यांत मोतीबिंदू. आयुष्यभर लाकडी पाळणे आणि पलंगाचे पाय केलेले. अनिताचा पाळणा त्यांच्याच हातचा. त्यांनीही समुद्र पाहिलेला नव्हता. माझ्या बहिणीला बाळ झालं तेव्हा पाळण्याच्या निमित्तानं मी तिथं बऱ्याच वेळा गेले, त्यामुळं ही शिकवणी मला जवळून बघता आली.

समुद्र न बघितलेला माणूस समुद्राची फळी कशी शिकवणार, अशी शंका मी एकदा बोलून दाखवली. उस्ताद रंधा थांबवून म्हणाले, "पालना बनाने कू बच्चा होना पड़ता क्या, बाई?"

त्यांनी अंबादासला पहिले तीन महिने फळीला हात लावू दिला नाही. दर रविवारी पलंगाचे पाय करायला लावले. चार पाय सारखे झाले की उस्ताद पलंग जुळवून त्यावर बसायचे, जरासे डुलायचे आणि म्हणायचे, नक्को, फिरसे. अंबादासला कामाची सवय होती ती साच्याची. साचा बरोबर असला की माल बरोबर निघतो. इथं साचाच नव्हता. तो मोजपट्टी आणायचा, उस्ताद ती लपवायचे. डोळे मिटून तळहात फिरवायचा, मग सांगायचं कुठं जास्त आहे. "आँख झूटी है, मियाँ. हाथ कू पूछो," हे त्यांचं एकच शास्त्र. ते त्याला मियाँ म्हणायचे, हा त्यांना उस्ताद. तळहाताची ही खोड अंबादासला अशी जडली, की माझ्याशी बोलताना माझ्या टेबलाच्या कडेवरून हात फिरवायचा आणि बोलणं संपलं की सांगायचा, ताई, हितं पोटाला जरा जास्त हाय.

लाकडावरून दोघांचं वाजलं. उस्तादांचा सागवानावर विश्वास. अंबादासला हलकं लाकूड हवं होतं, आणि त्याच्या डोक्यात पांगारा होता. लहानपणी विहिरीत पोहायला शिकताना पांगाऱ्याचा ओंडका पाठीला बांधतात, तोच. त्यानं बांधावरचा वाळलेला पांगारा आणला. उस्तादांनी तो हातात घेतला आणि हे तर चुलीतसुद्धा नीट जळत नाही म्हणाले. अंबादासनं दुकानातल्या पाण्याच्या पिंपात सागाचा तुकडा टाकला आणि शेजारी पांगाऱ्याचा. साग जेमतेम डोकं वर काढून होता. पांगारा पाण्यावर बसल्यासारखा. उस्तादांनी दोन्ही तुकडे दोन-तीन वेळा दाबून पाहिले. मग त्यांनी सागाचा तुकडा काढून पुसून ठेवला आणि पांगारा तसाच तरंगू दिला. त्या विषयावर पुन्हा बोलणं झालं नाही.

लाकडाची पहिली फळी नाकात जड झाली. दुसरी वाळताना उभी चिरली. तिसरीला सात महिने लागले. पाच फुटांहून थोडी मोठी, पोटाला किंचित फुगीर, कडा अशा की हात कुठं अडायचा नाही. वरून फायबरचा पातळ थर त्यानं स्वतः दिला, रविवारी, सुपरवायझरच्या परवानगीनं. तयार झाली आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं, की ती चालते की नाही हे कळायला मार्ग नाही. समुद्र बंद. करमाडच्या विहिरी त्या वर्षी तळाला गेलेल्या. फळी त्याच्या घराच्या भिंतीला टेकून उभी राहिली. सुमन रोज सारवताना तिच्याभोवतीनं हात फिरवायची, तिला हलवायची नाही.

अनिताची आणखी दोन स्थळं याच काळात मोडली. आता तर बाप घरी होडी करून बसलाय, अशी बातमी पसरली होती.

उन्हाळ्यात करमाडला टँकर सुरू झाले. टँकर गावच्या विहिरीत पाणी सोडायचा आणि बाया ते शेंदून घ्यायच्या. टँकरचे मालक काशिनाथराव, जालन्याकडचे, मोठ्या आवाजाचे गृहस्थ. एके दिवशी ते स्वतः टँकरबरोबर आले आणि पाणी पडेपर्यंत सावलीला म्हणून अंबादासच्या ओट्यावर बसले. तिथं त्यांना फळी दिसली. हे काय, असं त्यांनी विचारलं. सुमन आत निघून गेली. पुन्हा तेच सगळं ऐकायची तिची तयारी नव्हती. अंबादासनं सगळं सांगितलं, गोऱ्या बायांसह.

काशिनाथराव खूप हसले. मग म्हणाले, अहो, तरंगती का ते तरी बघा, विहिरीत आत्ता पाणी पडतंय. गावातली पोरंठोरंही ओरडायला लागली. दोन वर्षं त्या फळीवर घालवलेला माणूस. विहीर चाळीस पावलांवर. पाणी खळाळत पडतंय.

अंबादास म्हणाला, "नाय. ते प्यायचं पाणी हाय."

काशिनाथरावांनी आग्रह केला, टँकर माझा, पाणी माझं, टाका तुम्ही. अंबादासनं सांगितलं, की फायबरची बारीक कुसळं पाण्यात उतरतात, लेकरांच्या पोटात जातील. आणि फळी उचलून घरात नेऊन ठेवली.

पंधरा दिवसांनी काशिनाथरावांचा निरोप आला. टँकरसाठी नव्हता, अनितासाठी होता, त्यांच्या धाकट्या मुलाकरता. बोलणी करताना त्यांनी सुमनला सांगितलं, ते मला तिनंच नंतर जसंच्या तसं ऐकवलं, "वहिनी, येडे मी लई पाहिले. आपल्या येडापायी दुसऱ्याच्या पाण्यात हात न घालणारा हा पहिलाच." ज्या खुळापायी तीन स्थळं गेली, त्याच खुळापायी चौथं चालून आलं. अनितानं मुलगा बघितला, त्याच्याशी दोन वेळा बोलली आणि हो म्हणाली. लग्नात अंबादासला रडू आलं, ते मुलीसाठी की समुद्रासाठी, यावर फायबर खात्यात मतभेद होते. मी मुलीसाठी या बाजूची होते.

त्या दिवाळीनंतर कारखान्याची सहल कोकणात गेली. अंबादासनं मला एकच गोष्ट मागितली, उस्तादांना बसमध्ये जागा. बाहेरच्या माणसाला परवानगी नव्हती. सहलीची यादी माझ्याकडं होती. मी त्यात "रशीद, सुतार, कंत्राटी" असं लिहिलं. माझ्या नोकरीतली ती एवढीच बनावट नोंद. आत्या मी धरत नाही.

फळी गोधडीत गुंडाळून बसच्या टपावर बांधली होती. किनाऱ्यावर पोचलो तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. उस्ताद पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. खूप वेळ समोर बघत राहिले. मग मला विचारलं, की हा आवाज बंद होत नाही का. मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, "बनाने वाला रुकताच नईं. ऐसे में काम पूरा कब होना?"

अंबादास पाण्यात गेला. वय पंचेचाळीस, दोन वर्षांचा खाडा. पहिली लाट हुकली. दुसरीला पडला. तिसरी, चौथी, तेच. किनाऱ्यावर आमची माणसं आधी ओरडत होती, ती हळूहळू भेळेकडं वळली. सुमन आली नव्हती, ते बरं झालं असं मला वाटायला लागलं. मग एक लाट आली, फार मोठी नव्हे, आणि तो उभा राहिला. फळी त्याच्या पायाखाली वळली, परत वळली, आणि तो लाटेच्या कुशीतून तिरका पार लांब गेला. लहान, बुटका माणूस, पण त्या फळीवर तो कुणाहून कमी उंच वाटत नव्हता. भेळेवाली मंडळीही कागद हातात धरून उभी राहिली. कुणीतरी शिट्टी मारली. मी टाळ्या वाजवल्या.

उस्तादांनी वाजवल्या नाहीत. ते माणसाकडं बघतच नव्हते. अंबादास धापा टाकत वर आला आणि त्यानं फळी त्यांच्या मांडीवर आडवी ठेवली. उस्तादांनी डोळे मिटले, तळहात एका कडेनं शेपटापर्यंत नेला, दुसऱ्या कडेनं परत आणला. "बाएँ तरफ चावल बराबर ज़्यादा है," ते म्हणाले.

"व्हय," अंबादास म्हणाला. "तिकडंच ओढत व्हती."

शाब्बास नाही, आभार नाहीत. दुपारी सगळे मासे जेवायला गेले तेव्हा हे दोघे नारळाच्या सावलीत पॉलिश पेपर घेऊन डावी कड घासत बसले होते. माझ्या आठवणीत त्या दोघांइतकी तृप्त माणसं मी नंतर फार पाहिली नाहीत.

उस्तादांनी पुढं हौसेनं स्वतःच आणखी एक फळी केली आणि दुकानात टांगली. ती शहागंजातल्या एका कापडवाल्यानं इस्त्रीसाठी विकत नेली. उत्तम चालते असं तो सांगायचा. दोन वर्षांनी उस्ताद गेले. अंबादास तेव्हा रजेवर कोकणातच होता. बातमी कळून निघाला तरी एक दिवस उशीर झाला. दुकानाच्या बंद दारापाशी बराच वेळ बसून तो माझ्याकडं आला, चहा घेतला, आणि गेला.

कारखान्यात तोवर स्वस्त प्लास्टिकच्या कूलरनी आमची माणसं कमी करायला सुरुवात केली होती. उन्हाळा होता तसाच होता, पण मालकांचं गणित चुकलं. पहिल्या यादीतच अंबादासनं आपणहून नाव दिलं. जाताना सांगून गेला, की मालवणच्या बाजूला एका गावात शेड मिळालीय, फळ्या करणार. सुमन काय म्हणते, मी विचारलं. तो म्हणाला, ती पण येतीय, पण समुद्रासाठी नाय, माझ्यावर ध्यान ठेवायला.

पाच-सहा वर्षांनी, मी निवृत्त झाल्यावर, नवऱ्याबरोबर तिकडं गेले तेव्हा पत्ता विचारत त्याच्या शेडपर्यंत पोचले. आत पांगाऱ्याच्या सात-आठ फळ्या वेगवेगळ्या अवस्थेत उभ्या होत्या. लोक मुंबईहून, परदेशातून मागणी नोंदवून थांबतात, असं शेजारच्या दुकानदारानं अभिमानानं सांगितलं. सुमन शेडमागं होती. तिनं वाळूत माती आणून वांगी लावली होती आणि ती आलीही होती. आम्हाला बघून तिला आनंद झाला. अनिताला दोन मुलं झाली होती, त्यांचे फोटो तिनं दाखवले. मग किनाऱ्यावर घेऊन गेली.

अंबादास पाण्यात होता. लाटा जिथं फुटायला लागतात त्याच्या पलीकडं पाच-सहा जण आपापल्या फळीवर पाय सोडून बसले होते, पाठ आमच्याकडं. सुमन म्हणाली, येईल आता, बसा. आम्ही वाळूत बसलो. एक लाट आली, त्यांच्यातला एक जण तिच्यावर आला. दुसरी आली. तिसरी. बाकीचे बसून राहिले. माझ्या नवऱ्यानं हळूच घड्याळ पाहिलं, आमची एसटी होती.

मी विचारलं, अंबादास लाट का घेत नाही. सुमन हातातल्या वांग्याची माती पुसत म्हणाली, "असाच बसतो तास तास. इचारलं तर म्हणतो, ही माझी नव्हती." मग म्हणाली, "करमाडला असता तर या वयाला पारावर बसला असता. तेच करायला इतक्या लांब आलाय."

आणखी पंधरा मिनिटं थांबलो. तो आला नाही, आणि सुमननंही हाक मारली नाही. शेवटी तिचा निरोप घेऊन आम्ही निघालो. स्टँडकडं जाणारा रस्ता काही अंतर किनाऱ्यालगतच जातो. वळणाच्या आधी मी थांबून मागं पाहिलं. पाण्यावर ते ठिपके तसेच बसलेले होते, आता बाजूनं दिसत होते. त्यांतला अंबादास कोणता हे एवढ्या लांबून सांगता येत नव्हतं. मी अंदाजानं एकाला हात केला.

हात वर झाला तो दुसऱ्याच ठिपक्याचा.